भरतराजाचे हरीण



गेल्या चातुर्मासात आपल्या मंदिराच्या सभामंडपात श्रीमद्भागवताच्या पंचम स्कंधातील जडभरताचे आख्यान मी चार दिवस सांगितले. शेवटच्या दिवशी आरती झाली, तीर्थप्रसाद वाटला गेला, मंडळी उठून जाऊ लागली, तेव्हा एक प्रौढ भगिनी खांबाशी थांबून राहिल्या होत्या. गर्दी ओसरल्यावर त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बुवा, एक विचारू का? ते पाडस नदीतून वाहून चालले होते. राजाने उचलले नसते तर ते बुडून मेले असते. मग राजाचे चुकले काय? त्याने नुसते पाहात बसायचे होते का?"

मी त्यांना जे उत्तर दिले ते पाठ केलेले होते. आसक्ती बंधनाला कारण होते, वैराग्य मोक्षाला, असे काहीसे मी बोललो. बाईंनी नमस्कार केला आणि त्या निघून गेल्या. त्यांचे समाधान झाले नाही हे मला दिसत होते. आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते. मागाहून कळले की, त्यांचा तरुण मुलगा बारा वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला आहे आणि त्याचे सर्व काही त्या एकट्या करतात. शेजारची एक मुलगी त्याच्यापाशी बसायला तयार झाली, म्हणून त्या चार दिवस कथेला येऊ शकल्या होत्या. तेव्हा तो प्रश्न भरतराजाविषयी नव्हता. तो ऐकून मी घरी गेलो आणि पोथी पुन्हा सोडली. त्यातून जे उमगले ते पत्रिकेसाठी लिहून द्यावे, असे कार्यकारी मंडळाने सुचविले, म्हणून हा प्रपंच.

जडभरताचे नाव आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते, परंतु त्याची कथा अवधूताच्या चोवीस गुरूंइतकी घरोघर पोहोचलेली नाही. त्याचे कारण उघड आहे. नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये काशीस एकादश स्कंधावरील आपली टीका पुरी केली आणि तो स्कंध मराठी माणसाच्या नित्यपाठात येऊन बसला. पंचम स्कंध बहुतांशी पुराणिकांच्या पोथीत राहिला. म्हणून आधी कथा सांगतो.

हा भरत शकुंतलेचा पुत्र नव्हे. ज्या ऋषभदेवांना आपले जैन बंधू प्रथम तीर्थंकर मानतात, त्यांचा हा ज्येष्ठ पुत्र. पूर्वी अजनाभ म्हणून ओळखली जाणारी ही भूमी याच्याच नावावरून भारतवर्ष म्हणविली जाऊ लागली, असे भागवतकार सांगतात. त्याने दीर्घकाळ राज्य केले, प्रजेचे पुत्रवत पालन केले, यज्ञ केले आणि त्यांचे फळ वासुदेवाच्या चरणी अर्पण केले. पुढे योग्य काळ आला तेव्हा पाच पुत्रांना राज्य वाटून देऊन तो एकटा पुलहऋषींच्या आश्रमाकडे निघून गेला. त्याला कोणी हाकलले नव्हते, तो हरलाही नव्हता. भरल्या ताटावरून उठावे तसा तो सिंहासनावरून उठला.

तो आश्रम गंडकीच्या तीरी. आपल्या देवघरांतले शाळिग्राम याच नदीचे. आजही ते नेपाळात काळी गंडकीच्या पात्रात सापडतात. त्यांवरील चक्रे म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील कवचधारी जीवांच्या अश्मीभूत खुणा होत, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. हिमालयाच्या जागी एके काळी समुद्र होता. मला यात काही विरोध दिसत नाही. जे इतके पुरातन आहे ते ताम्हणात घेऊन त्यावर तुळशीपत्र वाहावे, हे मला उचितच वाटते.

त्या तीरावर भरतराजा फुले, तुळस, पाणी आणि कंदमुळे एवढ्याच साहित्याने भगवंताची पूजा करी. प्रेमाने त्याचा कंठ दाटून येई, डोळे पाझरत आणि कधी कधी आपण पूजा करीत आहो याचेही भान त्याला उरत नसे. या गोष्टीकडे माझे पूर्वी लक्ष गेले नव्हते. या आख्यानात राजा पूजा दोनदा विसरतो. पहिल्यांदा विसरतो तो देवापायी.

एके दिवशी स्नान आटोपून तो नदीकाठी प्रणवाचा जप करीत बसला होता. तीन मुहूर्त बसला होता, म्हणजे आजच्या मोजणीने जवळजवळ अडीच तास. (आपल्यापैकी कितीजण एका आसनावर अर्धा तास बसतात, हे ज्याचे त्याने पाहावे, मी माझ्यापुरते पाहिले आहे.) एक गाभण हरिणी पाणी पिण्यास आली. जवळच सिंहाची गर्जना झाली. भयाने तिने नदीपलीकडे झेप घेतली, तिचा गर्भ प्रवाहात पडला आणि ती स्वतः कशीबशी एका गुहेपाशी जाऊन गतप्राण झाली. राजाने हे पाहिले, तो पाण्यात गेला आणि ते आईवेगळे पाडस उचलून त्याने आश्रमात आणले.

येथवर राजाचे काहीही चुकलेले नाही. हे मी त्या भगिनींना त्याच वेळी, एका शब्दात, सांगावयास हवे होते. जप टाकून उठला म्हणून दोष नाही, पाडस उचलले म्हणून दोष नाही, त्याला गवत चारले, लांडग्यांपासून राखले म्हणूनही दोष नाही. बुडत्या जीवाकडे पाठ फिरवून जो माळ ओढीत बसेल, त्याची माळ देव हातात तरी घेईल काय?

मग बिघडले कोठे? भागवतकारांनी ते फार बारकाईने सांगितले आहे. राजाची व्रते एका दिवसात मोडली नाहीत. थोड्याच दिवसांत, एकेक करून, गळून गेली. प्रथम पाडसाचे संगोपन. मग त्याचे लाड. दर्भ, समिधा, फुले आणावयास रानात जावयाचे तर मागे त्याला लांडगा नेईल, म्हणून बरोबर न्यावयाचे. वाटेत ते रेंगाळले की खांद्यावर घ्यावयाचे, मग मांडीवर, मग उराशी. पूजेला बसले असता मध्येच उठून ते कोठे आहे हे पाहून यावयाचे, दिसले की जीव भांड्यात पडावयाचा आणि त्याला तोंड भरून आशीर्वाद द्यावयाचे. आणि या सर्वाला आधार शास्त्राचाच! शरण आलेल्याची उपेक्षा करणे हे पाप आहे, थोर पुरुष अशा दीनांसाठी आपला मोठा स्वार्थही सोडतात, असे राजा स्वतःला समजावीत असे. त्याचे वचन खोटे नव्हते. त्यामुळेच तर ते त्याला ओळखता आले नाही.

पूजा विसरण्याची ही दुसरी वेळ.

एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. पूजेतून राजा उठत असे तो पाडसाला काही हवे होते म्हणून नव्हे. पाडस बाहेर सुखाने चरत होते. ते दिसावे ही गरज राजाची होती. जोवर पाडसाला राजाची गरज होती तोवर ती दया होती. राजाला पाडसाची गरज भासू लागली तेथे वाट बदलली. बाहेरून दोहोंत काहीच फरक दिसत नाही. तेच गवत, तेच गोंजारणे, तीच मांडी.

पुढे पाडस मोठे झाले. त्याला कोवळी शिंगे फुटली. एके दिवशी ते दिसेनासे झाले. आता हरणाने रानात जावे यात नवल ते काय? रान त्याचे घर आहे. ज्या हेतूने राजाने त्याला वाचविले तो हेतू त्या दिवशी सफल झाला, असे म्हणावयास हरकत नव्हती. परंतु कृपणाचे धन चोरीस जावे तसा राजा शोक करू लागला. आपण डोळे मिटून बसलो असता ते शिंगाच्या टोकाने हळूच कसे स्पर्श करी, होमाचे दर्भ विटाळले म्हणून आपण रागावलो की ऋषिकुमारासारखे कसे निमूट बसून राही, हे आठवून आठवून तो व्याकुळ झाला. भूमीवर त्याच्या खुरांचे ठसे दिसले, तेव्हा या भूमीने असे कोणते तप केले असेल, असे त्याला वाटले. चंद्र उगवला, चंद्रावरचा डाग दिसला, तर चंद्रानेच दयेने आपले पोर जवळ घेतले असावे, अशी त्याने मनाची समजूत घातली. ज्याने समुद्रवलयांकित पृथ्वीचे राज्य मागे वळून न पाहता सोडले, तो खुराच्या ठशांपाशी बसून रडत आहे! असे कसे झाले? राज्य आपल्याला बांधते हे त्याला ठाऊक होते, म्हणून तो तेथे सावध होता. पाडसाच्या बाबतीत त्याने पहारा ठेवलाच नव्हता.

आपल्या सोसायटीतील व्याख्यानांत व्यसनांविषयी पुष्कळ बोलले जाते. दारू, जुगार, तंबाखू, परधनाचा लोभ, हे सर्व त्याज्य आहेतच आणि ते ज्याच्या गळ्यात पडले आहेत त्यालाही ते पक्के ठाऊक असते. त्यावर मी नव्याने काय सांगणार? मला भय वाटते ते ज्यांना चारचौघे नावाजतात त्या गोष्टींचे. मंदिराचे काम करता करता मंदिरातील मान आपला होतो. वडिलांची आज्ञा म्हणून राखलेले घर भावाच्या उंबरठ्याआड उभे राहते. मुलांच्या कल्याणासाठी म्हणून धरलेला आग्रह मुलांचा श्वास कोंडतो. यांपैकी कोणतीही गोष्ट पापाच्या वाटेने घरात आलेली नसते.

माझे स्वतःचे हरीण सांगतो. न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझा नातू आठ वर्षांचा होईपर्यंत आमच्यापाशी वाढला. त्याचे आईवडील दोघेही नोकरी करणारे, त्यांना गरज होती, आम्हांला वेळ होता. पुढे त्यांची बदली पुण्यास झाली आणि मुलगा त्यांच्याबरोबर गेला. हे योग्यच झाले. तेव्हापासून रोज सायंकाळी सात वाजता त्याने मोबाईलवर माझ्याशी बोलावे असे ठरले. आपल्या मंदिरातील सांजआरतीची वेळ तीच. प्रथम आरतीला थोडा उशीर होऊ लागला. मग आठवड्यातून एक-दोन दिवस आरती चुकू लागली. मग घरची संध्या घाईने उरकू लागलो, कारण साडेसहापासूनच चित्त त्या घंटीकडे. फोन आला नाही की मी करावयाचा, उचलला नाही की पुन्हा करावयाचा, आणि मग सूनबाईंना दोन शब्द बोलावयाचे. चाळीस वर्षे कीर्तनातून लोकांना वैराग्य सांगणारा मी, मोबाईलच्या काचेवर नातवाने शेवटी केव्हा पाहिले त्याची वेळ तपाशीत बसे. खुरांचे ठसे निराळे ते काय असतात?

आमच्या कुटुंबाने एकदा सहज म्हटले, "अहो, आधी देवापुढे दिवा लावा. तो फोन कोठे पळून जात नाही." मी त्यांच्यावर रागावलो. त्या रागावरून तरी मला कळावयास हवे होते. कळले ते वर्षभराने. दिवाळीत मुलगा आला होता. मी खोलीबाहेर आहे हे त्याला ठाऊक नव्हते. तो आईला विचारीत होता, "आई, पुण्याला गेल्यावर रोज बोललंच पाहिजे का? नाही बोललो तर आजोबा चिडतात." ज्या लेकरावर मी प्रेम करतो असे समजत होतो, त्याला माझ्या प्रेमाचा धाक वाटू लागला होता. देवही सुटला आणि नातूही सुटत होता.

आता कोणी म्हणेल की, मग जिव्हाळाच नको. मन दगड करावे. आपण माळव्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी माणसे. आपल्यासमोर देवी अहिल्याबाईंचे उदाहरण असता हे म्हणता येणार नाही. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये पित्यासमान श्वशुर मल्हारराव गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेराव. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे, १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत, त्यांनी महेश्वरास बसून राज्य चालविले. आज्ञापत्रांवर नाव घातले ते श्रीशंकराचे. सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बाईंची दिनचर्या नोंदली आहे. पहाटेपूर्वी उठून पूजा आणि पुराणश्रवण, दानधर्म, दुपारी दोनपासून सहापर्यंत दरबार, मग पुन्हा देवकार्य आणि अल्पाहार, रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा राज्याचे काम. राज्य पुजेत शिरले नाही आणि पुजेच्या निमित्ताने राज्याचे काम टाळले गेले नाही.

त्यांचे मन दगडाचे होते काय? १७९१ मध्ये जामात यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. ती चाल क्रूर होती आणि ती गेली हे उत्तम झाले. मुलीने थांबावे म्हणून मातेने हर प्रकारे विनविले. ती थांबली नाही. त्या दुःखात बाईंनी तीन दिवस फारसे अन्न घेतले नाही की शब्द उच्चारला नाही, असे माल्कम लिहितात. मुलगी गेली तर आई रडणारच; देवावरील निष्ठा तिला रडू नको असे सांगत नाही. तीन दिवसांनी त्या उठल्या, आणि पुढची चार वर्षे तीच पूजा, तोच दरबार.

भरतराजा मात्र उठला नाही. मृत्यू अकस्मात आला तेव्हा ते हरीण पुत्रासारखे शेजारी बसून होते आणि राजाची दृष्टी त्याच्यावर खिळली होती. पुढचा जन्म हरणाचा झाला. हे ऐकताना श्रोते हळहळतात, परंतु मला यातही भगवंताची दयाच दिसते; कारण पूर्वजन्माची स्मृती त्याला राहिली. केलेली उपासना वाया गेली नाही. कालंजर पर्वतावर जन्मलेल्या त्या हरणाने आपल्या आईला सोडले, ते शाळिग्रामक्षेत्री पुलहाश्रमी परत आले, वाळलेली पाने खाऊन, कोणाचा संग न धरता राहिले आणि काळ आला तेव्हा त्याने तीर्थाच्या पाण्यात अर्धे अंग ठेवून देह सोडला. ज्या नदीतून त्याने पाडस उचलले, तीच ही नदी.

तिसरा जन्म आंगिरस गोत्रातील एका ब्राह्मणाच्या घरी. पुन्हा कोठे गुंतू नये म्हणून तो जड, मुका, बहिरा असल्यासारखा राहू लागला, म्हणून जडभरत. बापाने शिकविण्याची शिकस्त केली, व्यर्थ गेली. भावांनी शेताच्या राखणीला बसविले. दरोडेखोरांच्या एका टोळीने त्याला भद्रकालीपुढे बळी देण्यासाठी नेले, तेव्हा देवीनेच प्रकट होऊन त्याला राखले. हे सर्व रसाळ आहे, पण माझे प्रयोजन पुढल्या प्रसंगाशी आहे.

सिंधुसौवीर देशाचा राजा रहूगण पालखीत बसून कपिलमुनींच्या आश्रमाकडे ज्ञान मिळवावयास निघाला होता. इक्षुमती नदीच्या काठी पालखीला एक भोई कमी पडला. हा धट्टाकट्टा माणूस दिसला, त्याला धरून दांडीखाली उभे केले. पालखी चालू लागली तशी हिसके बसू लागले. राजा चिडला. इतर भोई म्हणाले, महाराज, आमचे चुकत नाही, हा नवा बरोबर चालत नाही. राजाने त्याची थट्टा केली, दटावले, शिक्षेचे भय घातले; आणि मग जन्मभर न बोललेला तो पुरुष बोलू लागला. त्याने काय सांगितले ते मी चार दिवस निरूपणात सांगितले आहे, येथे पुन्हा सांगत नाही. मला विचारावयाचे आहे ते एवढेच की, पालखी हलत होती ती का?

तो दुर्बळ होता म्हणून नव्हे, आळशी होता म्हणूनही नव्हे. पायाखाली एखादा जीव चिरडू नये म्हणून बाणाएवढी जमीन डोळ्यांनी आधी निरखून तो पाऊल टाकीत होता. वाटेत किडामुंगी आली की थबके, पाऊल बदली, आणि वर राजाला हिसका बसे. पाडसाच्या पायी दोन जन्म घालविलेला हा पुरुष! पुन्हा एखाद्या जीवाकडे पाहणार नाही, अशी शपथ त्याने घ्यावयास हवी होती, असे आपल्याला वाटेल. परंतु त्याची दया गेली नाही, ती एका पाडसापुरती न राहता वाटेवरच्या मुंगीपर्यंत पोहोचली. फरक एवढाच झाला की, मुंगी निघून गेल्यावर तो मागे वळून पाहात नव्हता.

गेल्या पौर्णिमेस मी त्या भगिनींच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. मुलाला कुशीवर वळवून त्या त्याची पाठ पुसत होत्या आणि ओठांतल्या ओठांत नाम चालले होते. मला पाहून संकोचल्या, म्हणाल्या, "माझा नेम असा काही नाही, बुवा. पूजेला बसले की हा हाक मारतो, मग अर्ध्यावर उठते." मी म्हटले, "तो हाक मारतो म्हणून उठता ना? हरीण हाक मारीत नव्हते, बाई." आणि मग वर लिहिलेली हकीकत, पालखीची आणि मुंगीची, मी त्यांना सांगितली, माझ्या नातवाचीही सांगितली. आता तो रविवारी बोलतो, कधी विसरतो. विसरला की मला वाईट वाटते. सात वाजता मी आरतीला असतो.

त्यांनी सर्व ऐकून घेतले. जरा वेळाने विचारले, "मग तो राजा पालखीतून खाली उतरला. पुढे त्याला आश्रमापर्यंत कोणी नेले?"

तेवढे पोथीत नाही, असे मी सांगितले.

"पायी गेला असेल," असे म्हणून त्या मुलाच्या पाठीखालची उशी सारखी करावयास उठल्या.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥